अर्क : सूर्य नव्हे, घाम

प्रश्न असा आलाय : मित्राच्या साठीला म्हणायला आमच्या आवडत्या फेणीवर चार ओळी केल्या आहेत.

फेणी माझी साधी भोळी,
घोट उतरता पेटे होळी;
अर्क असा हा, पोटामध्ये
सूर्य उगवतो संध्याकाळी!

अर्क म्हणजे संस्कृतात सूर्य. दारूचा अर्कही त्यावरूनच आला, असं एका जाणकारांनी सांगितलं. बरोबर ना? आणि 'फेणी' लिहू की 'फेनी'?

ओळी झकास. पण त्या जाणकारांचं काही खरं नाही. अर्क म्हणजे सूर्य, सूर्य म्हणजे तेज, तेज म्हणजे दारू, हा जिना मी इतक्या वेळा ऐकलाय की आता पहिल्या पायरीलाच कान मिटतात. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य, आणि रुईचं झाडही. मान्य. बाटलीतल्या अर्काशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हा शब्द अरबी 'अरक़'वरून आपल्याकडे आला, आणि अरक़ म्हणजे घाम!

भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून उलटं करून बघा. आतल्या बाजूला बारीक थेंब धरलेले असतात, मग दोन थेंब एक होतात आणि ओघळतात. हुबेहूब कपाळावरचा घाम. भट्टीतही तेच चालतं. आंबलेला रस तापतो, वाफ गार भांड्यात शिरते आणि भांडं घामेजतं. हे ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याला मी मनोमन कधीच नमस्कार केलाय. घाम जमवला की झाला अर्क, मग तो ओव्याचा असो की केवड्याचा.

हाच घाम तुर्कस्तानात 'राकी' झाला, मंगोलियात 'आर्खी', पोर्तुगीजांच्या तोंडी 'ओर्राका'. गोव्यात काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस पहिल्यांदा गाळला की निघतो तो 'उर्राक', आणि पुन्हा गाळला की फेणी. म्हणजे तुमच्या कवितेतला अर्क खरं तर फेणीच्या धाकट्या बहिणीचं नाव आहे.

यावर कुणीतरी 'अर्कप्रकाश' पुढे करणारच. तो ग्रंथ रावणाच्या नावावर आहे आणि त्यात अर्क काढण्याच्या कृती आहेत, ठीक. पण ग्रंथ रावणाच्या नावावर खपवला म्हणून त्यातला शब्द त्रेतायुगातला होत नाही. अरबी शब्द संस्कृतच्या दारात उभा राहिला, तिथे त्याच रूपाचा एक शब्द आधीच बसलेला होता, आणि दोघांना एकच पाट मिळाला. एवढीच ती गोष्ट.

आता माझं एक लाडकं मत, कोशवाल्यांना न पटणारं. 'तो एक अर्क आहे' असं आपण म्हणतो ना, त्याचा अर्थ कोशवाले 'लबाडीचं सत्त्व' असा लावतात. लावोत बापडे. मला वाटतं, समोरच्याला घाम फोडतो तो अर्क. पुरावा? नाही. पण अशा दोन-तीन अर्कांशी माझे व्यवहार झालेत, आणि दरवेळी रुमाल मीच काढलाय.

हां, फेणी. ण-च. संस्कृत 'पानीय'चं पाणी झालं, तसं 'फेन'चं फेण, म्हणजे फेस. बाटली हलवली की वर बुडबुड्यांची जी माळ धरते, त्यावरून हे नाव. सुतरफेणीतली फेणीही याच फेसातली. तिला कुणी 'सुतरफेनी' म्हणालं तर हलवाई वळून बघेल. 'फेनी' हे रोमन अक्षरांतलं लेबल वाचून आलेलं मराठी आहे. 2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण णला अजून मिळायचंय.

कविता मात्र बदलू नका. श्लेषाला व्युत्पत्तीचा दाखला लागत नाही. फक्त म्हणून झाल्यावर त्या जाणकारांना समजावायला उभं राहू नका, साठीच्या मित्राचा पेला तोवर गरम होईल.