हार्डनेस बरोबर, तरी पिनला तडे?

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. केस हार्डनिंगहून (पृष्ठभागात कार्बन मुरवून फक्त वरचा थर, म्हणजे केस, कडक करणं) आलेल्या पिना ५९ एचआरसी (रॉकवेल हार्डनेस) भरतात, ड्रॉइंगप्रमाणेच, पण ग्राइंडिंग झालं की बारीक तडे दिसतात. लॅबवाला म्हणतो आधी मायक्रो करा (पिन कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघणं), मग एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन). एवढा खर्च कशाला, हार्डनेस तर ओके आहे ना?

उत्तर : हापूस दाबून घट्ट लागतो, पण आत साका आहे का ते कापल्यावरच कळतं, तसंच आहे हे. हार्डनेस म्हणजे फक्त दाबून बघणं.

मायक्रो कराच. तड्याला आडवा छेद घ्या, आणि कापताना कूलंट भरपूर, घाईत कापलं तर कटिंगच्याच उष्णतेने स्ट्रक्चर बदलतं आणि मग तुम्ही स्वतः केलेलं डॅमेज बघत बसता. पॉलिश करताना कड गोल होऊ देऊ नका, कारण सगळी गंमत कडेलाच आहे, म्हणून माउंट, म्हणजे तुकडा ज्यात बसवतात ते रेझिन, चांगलं कडक हवं. मग दोन टक्के नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं नायट्रिक अॅसिड, काही सेकंद लावा, म्हणजे स्ट्रक्चर उठून दिसतं. आता मायक्रोस्कोपखाली अगदी कडेला पांढरा थर आणि त्याखाली काळपट पट्टा दिसला तर ग्राइंडिंग बर्न, म्हणजे ग्राइंडिंगच्या उष्णतेने भाजलेला पृष्ठभाग, समजा, हीट ट्रीटमेंटवाल्याशी भांडू नका, व्हील ड्रेस करा (घासून ताजं करा), कट कमी घ्या. तडे ग्राइंडिंगच्या दिशेला आडवे असतील तर संशय अजून पक्का. ग्रेनच्या सीमेवर पांढरी जाळी दिसली तर कार्बन जास्त गेलाय, ते कार्बाइड, मग भांडा खुशाल.

एक्सआरडी कधी? सुयांसारख्या मार्टेन्साइटच्या (हार्डनिंगमध्ये तयार होणारं कडक स्ट्रक्चर) मधे फिकट भाग, रिटेन्ड ऑस्टेनाइट (न बदलता उरलेलं मऊ स्ट्रक्चर), किती आहे हा आकडा हवा असेल तेव्हा. थोडं असेल तर साध्या मायक्रोस्कोपला ते नीट दिसत नाही, एक्स-रे मात्र दोघांची अणूंची मांडणी वेगळी म्हणून वेगळे पीक देतो. फक्त लॅबला विचारा ट्यूब कुठली, तांब्याची असेल तर लोखंड स्वतःच चमकतं आणि बॅकग्राउंड वाढतो, स्टीलला क्रोमियमची ट्यूब बरी. आणि एक्स-रे वरचे काही मायक्रॉनच बघतो, त्यामुळे ग्राइंड केलेला पृष्ठभाग तसाच दिला तर आकडा ग्राइंडिंगचा येतो, केसचा नाही, आधी इलेक्ट्रोपॉलिश करून घ्या.

कोणी एसईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) जोडलेल्या ईडीएसवर (कुठली मूलद्रव्यं आहेत ते एक्स-रेवरून सांगणारा डिटेक्टर) कार्बन मोजून देतो म्हणाला तर नको म्हणा, त्यात कार्बनचा आकडा भरवशाचा नसतो, त्याला स्पार्क स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे ठिणगीच्या उजेडावरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र. आणि हो, तडा गेलेली पिन एमरी मारून 'साफ' करून पाठवू नका, आहे तशी द्या.