अमेरिकेत केसांच्या स्टाइलवरून शाळा मुलांना अडवू शकते का?
राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये पहिला क्राउन ॲक्ट केला, मग न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि बाकी बऱ्याच राज्यांनीही. त्यात वेण्या, लॉक्स (दोरीसारख्या जटा), ट्विस्ट (पीळ दिलेल्या बटा) अशा कृष्णवर्णीयांच्या स्टाइलवरून भेदभाव करता येत नाही. देशभरासाठी मात्र असा कायदा नाही, २०२२ चं बिल सिनेटमध्ये अडकलं. आणि टेक्सासचं बघा, सप्टेंबर २०२३ पासून कायदा लागू, तरी एका मुलाला शाळेने कित्येक महिने वर्गापासून लांब ठेवलं, का तर डोक्यावर बांधलेले लॉक्स सोडले की कानाखाली येतात, आणि २०२४ मध्ये कोर्टानेही शाळेचा केसांच्या लांबीचा नियम चालतो म्हणून सांगितलं. अहो पण केस लांब असल्याशिवाय लॉक्स तसे बांधणार कसे? लांबीच्या नियमाची ही पळवाट बंद व्हायलाच हवी.