मोठ्या दुर्घटनेनंतर मृतांच्या सन्मानासाठी रेडिओ-टीव्हीने कार्यक्रम थांबवावेत का?

मालिका, नाचगाणी, जाहिराती थांबवाव्यात. बातम्या आणि माहिती एक मिनिटही थांबवू नये. 'सगळं बंद ठेवा' म्हणणाऱ्यांचं त्या भागात बहुतेक कुणी नसतं.

माझं होतं. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जनं, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. माझं आजोळ सास्तूरजवळ, तेव्हाच्या उमरगा तालुक्यात. मी पुण्यात ताईकडे राहून नोकरी करत होतो. एसटीडी बूथवर ही रांग, आणि उमरग्याला फोन लागेना. हाताशी फक्त ट्रान्झिस्टर. पुढच्या बातम्यांत तरी आमच्या गावाचं नाव येईल म्हणून कान लावून बसलो होतो. मधेच कुठल्याशा केंद्रावर गाणं लागलं आणि दाजींनी खटकन रेडिओ बंद केला. "तिकडं मढी पडलीत अन् गाणी कसली ऐकताय? सुतक पाळा." ताई रडत म्हणाली, "लावा हो." नाही लावला. शेवटी मीच तो उचलून जिन्यात जाऊन बसलो.

रेडिओवर गावाचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी सोलापूरकडून आलेल्या एका ट्रकवाल्याकडून कळलं: माळवदं बसली, मामी गेली, मामा अंगणात झोपले होते म्हणून वाचले. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर मातीचं ओझं. आत झोपलेल्याला निघायला वावच नव्हता. मृतांचा सरकारी आकडाच 8 हजारांच्या घरात गेला.

दाजी आजही म्हणतात, मी मेलेल्यांचा मान राखला. मला नाही पटत. आपलं कोण गेलं हेच ज्याला कळलेलं नाही, त्यानं सुतक कुणाचं पाळायचं? गावांची नावं, कोण कुठल्या दवाखान्यात आहे, कुठला रस्ता चालू आहे, रक्त कुठे द्यायचं, हे सांगत राहणं हाच मान.

करमणुकीला मात्र माझी दयामाया नाही. पहलगामनंतर दुसऱ्याच दिवशी, 23 एप्रिल 2025 ला, हैदराबादला आयपीएलचा सामना झाला. काळ्या फिती, एक मिनिट स्तब्धता, आतषबाजी नाही, चिअरलीडर नाहीत. तरी मी म्हणेन, सामनाच पुढे ढकलायला हवा होता.

आणि हो, बातम्या चालू ठेवा म्हणजे वाट्टेल ते दाखवा असं नाही. 26/11 ला कमांडोंची कारवाई थेट दाखवली गेली आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच बघून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. 2012 च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावरून वाहिन्यांना चांगलंच सुनावलं. 2015 पासून अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला नियमानेच बंदी आहे.

30 जानेवारीला सकाळी 11 वाजता पाळतो तशी दोन मिनिटांची स्तब्धता वाहिन्यांनीही पाळावी, पण बेपत्ता माणसांचा शोध संपल्यावर. पहिल्या दिवशी नको. दाजींना हे अजून मान्य नाही. ताईला आहे.