बाळाइतकंच बहिणीलाही जपा, अमोनिया तपासून घ्या

ताई, बहिणीचा मुलगा चौथ्या दिवशी गेला, कागदावर 'जंतुसंसर्ग' लिहिलं, तुमचा भाऊही असाच बारशाआधी गेला होता आणि आता बहिणीला तिसरा महिना आहे, हे वाचून माझी रात्र जागून गेली. माझं पहिलं बाळ असंच गेलं.

डिचोलीला माहेरी होते. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने दूध ओढणं सोडलं. तोंडात स्तन तसाच धरून झोपायचा, तळव्याला टिचकी मारली तरी डोळे उघडत नव्हता. पाय गार, श्वास मात्र धावून आल्यासारखा भराभर. एका इस्पितळात अँटिबायोटिक सुरू केलं, अमोनिया कुणी बघितला नाही. दुसरीकडे नेल्यावर बघितला तर ९०० मायक्रोमोलच्या वर. निरोगी तान्ह्याचा साधारण १०० च्या आत असतो.

प्रथिनांतून अमोनिया तयार होतो, लिव्हरमधली एन्झाइम्स त्याचा युरिया करतात आणि तो लघवीतून जातो. त्यातलं एक एन्झाइम कमी पडलं की अमोनिया साचतो, मेंदूला सूज येते. पोटात असेपर्यंत तो वारेतून आईकडे जातो, म्हणून बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं.

सासूबाईंना दृष्ट काढायची तर काढू द्या, पण बहिणीचं रक्त जनुक-तपासणीला आधी पाठवा. भाऊ आणि भाचा दोघेही मुलगे, नातं आईकडून. त्यामुळे पहिला संशय ओटीसी या एन्झाइमवर जातो. त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याचीही निम्मी. (इतर बहुतेक प्रकारांत आई-बाप दोघेही वाहक असतात, तिथे चारात एक.) दोष सापडला तर ११ व्या आठवड्यापासून वारेचा अंश घेऊन किंवा १५ व्या आठवड्यानंतर गर्भजलातून बाळाचं निदान होतं. लिंगनिदानबंदीच्या कायद्यात अशा आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीला मुभा आहे, घाबरू नका. जन्मल्यावर होणाऱ्या टाचेच्या रक्ताच्या तपासणीवर मात्र विसंबू नका. ओटीसी त्यात निसटू शकतो, आणि रिपोर्ट येईपर्यंत उशीर झालेला असतो.

आता जे कुणी सांगत नाही ते. बहीण वाहक असेल तर तिलाही धोका आहे. माझं दुसरं बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली. सहाव्या दिवशी मी आईला ओळखेना, पाळण्याकडे बघून काहीबाही बोलत होते. घरचे म्हणाले, बाळंतपणाचं वारं लागलं. पण डॉक्टरांकडे माझी फाईल होती, त्यांनी तडक अमोनिया बघून ग्लुकोजची सलाईन लावली. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसतं, त्याची प्रथिनं रक्तात येतात, वर बाळंतिणीला मुगाचं कढण आणि कोंबडीचा रस्सा! पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा. उलट्या, असंबद्ध बोलणं, गुंगी, काहीही दिसलं तर त्याच दिवशी अमोनिया. आणि फिट आली तर व्हॅल्प्रोएट देऊ नका, असं फाईलवर ठळक लिहून घ्या.

बहिणीला विचारा, मासे-डाळ खाऊन डोकं दुखतं का? मी लहानपणापासून नुस्त्याला, म्हणजे मासळीला, शिवत नसे. बांगड्याचं हुमण झालं की पेज आणि लोणचं घेऊन कोपऱ्यात बसायचे. सगळे नखरे म्हणायचे. गोव्याच्या घरात असं कधी खपतं का!

प्रसूतीची जागा ठरवताना तान्ह्याचं डायलिसिस कुठे होतं ते आधी विचारा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बालरोग विभागाला आताच भेटा. अमोनियाचं रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला पोचायला हवं, हे आधी ठरवून ठेवा. बाळाचा अमोनिया वाढलेला निघाला तर निदान होईपर्यंत त्याचं दूध थांबवून ग्लुकोज देतात, औषधं त्यासोबत. प्रथिनं फार वेळ बंद ठेवत नाहीत, तो निर्णय डॉक्टरांचा.

आणि ताई, तुम्हीही त्याच आईच्या पोटच्या. तुमचंही रक्त पाठवा. बहिणीचा नेमका कितवा आठवडा आहे, ते आज कळवा.