मंगळावरचा बटाटा, फिरती यानं आणि तळघरातला फ्लॅट

प्रश्न : नातवानी रविवारी टीव्हीवर 'द मार्शियन' लावला, मीही बसले बघत. त्यात तो एकटा मागे राहिलेला माणूस मंगळावर बटाटे लावतो आणि त्यावरच दिवस काढतो. माझं माहेर सातगाव पठारावरचं, बटाटा लावण्यात अन् काढण्यातच लहानपण गेलं, मला काही ते पटेना. नातू म्हणतो, आजी, सायन्स आहे ते. खरं कोणाचं?
– एक आजी, सिंहगड रोड

उत्तर : आजी, नमस्कार. थोडं नातवाचं, जास्त तुमचं.

बेणं त्यानं बरोबर केलंय, डोळे राखून फोडी कापल्यात, आणि खत म्हणून जे वापरलंय ते म्हणजे आपलं सोनखतच, तुमच्या माहेरी कुणाला त्याचं नवल वाटणार नाही. पाण्यासाठी रॉकेटच्या इंधनातून हायड्रोजन काढून तो जाळतो, तेही केमिस्ट्री म्हणून चालतं, फक्त स्फोट होऊ शकतो आणि पिक्चरमध्ये होतोही.

गडबड मातीत आहे. मुळात ती माती नाहीच, नुसता दगडाचा भुगा, ना कुजलेला पाला ना गांडूळ ना जिवाणू. वर त्यात परक्लोरेट नावाचे क्षार, 2008 मध्ये फीनिक्स यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरलं तेव्हा ते सापडले, साधारण अर्धा टक्का, आणि ते पोटात गेले की थायरॉइडचं काम बिघडवतात. पाण्यानं माती धुतली तर निघतात म्हणे, पण जिथे प्यायला पाणी नाही तिथे माती कुठून धुणार? पिक्चर 2015 चा, म्हणजे हे माहीत होऊन सात वर्षं झाली होती, तरी त्याचा उल्लेखच नाही. मला तर गच्चीवर चांगल्या मातीत, रोज पाणी घालून, लिंबाएवढे चार मिळाले होते, त्यामुळे मी जरा जळूनच बोलतोय हे धरून चाला.

पण अगदीच कल्पना नाही हो. पेरूची राजधानी लिमा, तिथे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, त्यांनी तिथल्या वाळवंटातली खारट माती बंद पेटीत घालून मंगळासारखी हवा आणि थंडी देऊन बघितली, आणि 2017 मध्ये त्यात कोंब आले. फ्लोरिडा विद्यापीठात 2022 मध्ये अपोलोनं आणलेल्या चंद्राच्या खऱ्या मातीत मोहरीच्या कुळातलं एक रोपटं उगवलं, पण खुरटलेलं, जीव मुठीत धरून वाढल्यासारखं.

आणि आजी, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, खरी थाप बटाट्यात नाही, सुरुवातीच्या वादळात आहे. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे तिथे ताशी 100 किलोमीटरचा वारा सुटला तरी अंगाला लागेल तो आपल्याकडच्या 12-13 किलोमीटरच्या झुळकेएवढा, पर्वतीवर संध्याकाळी याहून जास्त असतो. त्यानं रॉकेट कसलं कलंडतंय! मूळ कादंबरीच्या लेखकानं स्वतःच कबूल केलंय की गोष्ट सुरू करायला ते लागलं. तिथली धूळ मारते ती वेगळ्या तऱ्हेनं, ऊन अडवून. 2018 मध्ये अख्ख्या मंगळावर धूळ उठली आणि ऑपॉर्च्युनिटी रोव्हरची सोलर पॅनल अंधारात गेली, 10 जूनला शेवटचा निरोप आला तो आलाच, पुढे काही नाही. नातवाला हे सांगा, तो गप्प बसेल.

प्रश्न : बऱ्याच पिक्चरमध्ये यानात लोक घरात चालल्यासारखे चालतात, बाकी ठिकाणी तरंगतात. हे ग्रॅव्हिटीचं बटण असतं का कुठे?
– इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, कात्रज

उत्तर : बटण फक्त प्रोड्युसरकडे असतं, तरंगवायला खर्च येतो ना. खरा उपाय एकच, यान गोल फिरवायचं, जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटरसायकल भिंतीला चिकटते तसे पाय बाहेरच्या भिंतीला टेकतात. पण चक्कर येऊ नये म्हणून मिनिटाला दोनच फेऱ्या मारायच्या म्हटलं आणि पृथ्वीइतकं वजन हवं असलं तर त्रिज्या लागते सुमारे 224 मीटर, म्हणजे चाक जवळजवळ 450 मीटरचं, आणि आपलं आत्ताचं स्पेस स्टेशन टोकापासून टोकापर्यंत 109 मीटर आहे. छोट्याशा यानात गरगर फिरवून दाखवलं असेल तर ते लोक पहिल्या दिवशी ओकत असणार असं समजायचं. गणित स्वतः करून बघ, अकरावीचंच आहे.

प्रश्न : मंगळावर फ्लॅट घ्यायचा झाला तर कुठे घ्यावा? (गंमत नाही, पुण्यात परवडत नाही.)
– भाड्याच्या घरातून, धायरी

उत्तर : पिक्चरमध्ये काचेचे घुमट दाखवतात, त्यात अजिबात बुकिंग करू नका. आत आपल्यासारखी हवा भरली आणि बाहेर जवळपास काहीच नाही म्हटल्यावर दर चौरस मीटरला दहा टन जोर आतून बाहेर लागतो, घुमट कोसळायची भीतीच नाही, तो उडेल. शिवाय रेडिएशन. त्यामुळे खरं घर जमिनीखाली, नाहीतर जुन्या लाव्हाच्या गुहेत, आणि डोक्यावर काही मीटर माती. पाणी बर्फाच्या रूपात आहे, ध्रुवाकडे जास्त, टँकरवाला येणार नाही. हवेचं म्हणाल तर पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी नावाच्या यंत्रानं 2021 ते 2023 मध्ये मंगळाच्या हवेतून एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन बनवला, एका माणसाला तो साडेतीन तास पुरेल.

म्हणजे मेंटेनन्समध्ये श्वास वेगळा धरा, आणि गार्डन फेसिंग विसरा, बेसमेंटच मिळेल.