वाचक विचारतात : १७४ मिनिटं आणि १७६ मिनिटं

प्रश्न : गर्ट्रूड लॉरेन्स या रंगभूमीवरच्या अभिनेत्रीवरचा ‘स्टार!’ (१९६८) अर्ध्यावर सोडला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज आणि नायिका ज्युली अँड्र्यूज ही ‘द साउंड ऑफ म्युझिक’चीच जोडी. तोही मोठाच सिनेमा आहे, पण कंटाळा येत नाही. मग इथे काय बिघडलं?

उत्तर : लांबीत म्हणावा असा फरकच नाही. तो १७४ मिनिटांचा, हा १७६. बिघाड गाण्यांच्या जागेत आहे. तिथे ‘डो-रे-मी’ सुरू होताना मुलांना गाता येत नसतं, गाणं संपताना येत असतं. शिवाय त्यांना सांभाळायला आलेल्या मारियाशी त्यांचं नातंही पुढे सरकलेलं असतं. तेवढा भाग काढला तर कथेला भोक पडेल. ‘स्टार!’मधली बहुतेक गाणी म्हणजे नाटकातले प्रयोग. पडदा वर जातो, वेशभूषा झगमगते, टाळ्या पडतात आणि गर्टी (म्हणजे गर्ट्रूड) गाण्याआधी जिथे होती तिथेच उभी असते. ‘लाइमहाउस ब्लूज’ किंवा ‘द फिजिशियन’ सुटं पाहा, देखणं आहे. पण असं चार-चार मिनिटं थांबत गेलं की कथेचा वेग कायमचा जातो.

दुसरी अडचण चौकटीची. १९४० मध्ये गर्टी स्वतःवरचा कृष्णधवल माहितीपट पाहत बसली आहे, अशी कल्पना. माहितीपट गुळगुळीत हकीकत सांगतो, मग रंगीत भागात खरं काय घडलं ते दिसतं. कल्पना हुशार आहे, पण काही गोष्टी त्यामुळे दोनदा सांगाव्या लागतात. उधळपट्टी, कर्ज, मुलीशी दुरावा हे खरं नाट्य, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. अपवाद नाटककार-संगीतकार नोएल कॉवर्डबरोबरच्या प्रसंगांचा. ती भूमिका करणारा डॅनियल मॅसी हा कॉवर्ड यांचाच धर्मपुत्र. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं.

प्रश्न : याची छोटी आवृत्तीही निघाली होती ना? आणि पूर्वी थिएटरमध्ये रीळ कापलं की गाण्याचा शेवट तुटका का ऐकू यायचा?

उत्तर : निघाली, १९६९ मध्ये. साधारण दोन तासांची, ‘दोज वेअर द हॅपी टाइम्स’ या नावानं. तीही चालली नाही. कात्री अनेक गाण्यांवर चालली आणि कथा बारीक असलेल्या सिनेमात गाणीच तर बघण्यासारखी होती.

तुटक्या आवाजाचं कारण यांत्रिक आहे. प्रिंटवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी-शेजारी नसतात. ७० मिमीच्या चुंबकीय पट्टीवर आवाज चित्रापासून २४ फ्रेम दूर असतो, म्हणजे एक सेकंद, सुमारे ५७ सेंटिमीटर. चित्र पाहून सांधा मारला की सांध्यापाशी सेकंदभराचा आवाज भलत्याच चित्रावर येऊन पडतो. ३५ मिमीच्या प्रकाशीय ध्वनिपट्टीत हे अंतर सुमारे २० फ्रेम. म्हणून प्रिंटवरच कापायचं तर दोन्ही टोकांना सेकंदभर शांतता असलेली जागा शोधावी लागते. टाळ्यांच्या मधोमध कापलं तर हमखास पकडलं जातं. स्टुडिओची काटछाट याहून वेगळी : तिथे चित्र आणि ध्वनी स्वतंत्र पट्ट्यांवर असतात, सांधल्यावर मिश्रण पुन्हा करता येतं. पुढच्या प्रसंगाचं संगीत आदल्या प्रसंगाच्या शेपटावर सुरू झालेलं असेल, तर मात्र तिथेही डोकेदुखी होतेच.

प्रश्न : पुन्हा प्रयत्न करायचा आहे. कसा पाहावा?

उत्तर : पूर्ण आवृत्तीच घ्या आणि मध्यंतराला थांबा. सिनेमा मध्यंतर गृहीत धरूनच रचलेला आहे, उरलेला दुसऱ्या दिवशी पाहिला तर काही बिघडत नाही. एखादं गाणं गाळायचंच असेल तर पूर्वार्धातलं गाळा. कॉवर्डचे प्रसंग आणि ‘लेडी इन द डार्क’ या नाटकातलं ‘जेनी’ हे शेवटाकडचं गाणं गाळू नका. लॉरेन्स यांच्या ‘द किंग अँड आय’ या नाटकाची वाट मात्र पाहू नका. ते नाटक १९५१ मध्ये आलं, लॉरेन्स १९५२ मध्ये गेल्या, आणि सिनेमा त्याच्या दहाएक वर्षं आधीच आटोपतो.