वेबसाइट देखणी हवी की नीट चालणारी?

तुम्ही विचारलंय, डिझायनरला पान सुंदर हवं असतं, डेव्हलपरला ते हलकं हवं असतं, मग ऐकायचं कुणाचं? मी बरीच वर्षं मराठी वेबसाइट्स बनवतोय. माझ्या मते या भांडणाचं मूळ बहुतेकदा एकच असतं: फिग्मात (डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) डिझाइन इंग्रजी मजकुरावर मंजूर होतं आणि मराठी त्यात शेवटी ओतली जाते.

एका प्रवेश अर्जाच्या कामात हेच झालं. शीर्षकांना ऐटदार लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर होतं. इंग्रजीत ते शोभलं, मराठीत शिरोरेषाच तुटली. चौकटींची उंची ठरावीक, ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या जेमतेम १.२ पट, आणि चौकटीबाहेर गेलेलं ते लपवायचं अशी सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड). 'विद्यार्थ्यांसाठी'वरचा रफार आणि अनुस्वार कापला गेला. खालचा उकारही गेला, आणि 'अर्जाची मुदत'चं झालं 'अर्जाची मदत'! मुलं शेवटची तारीख शोधत होती, ती समोर असून कळत नव्हती. हे पाहून मला फार वाईट वाटलं होतं.

दुरुस्तीत सौंदर्य गेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. लेटर-स्पेसिंग शून्य, ओळीची उंची १.६, चौकटीची उंची मजकुरानुसार. उठाव आणला तो अक्षराच्या जाडीतून. 'मुक्ता' फॉन्टमध्ये सात जाड्या आहेत. त्यांतल्या दोनच घेतल्या, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात. फॉन्ट-डिस्प्ले या सीएसएसमधल्या सेटिंगला 'स्वॅप' दिलं, म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत मजकूर फोनच्याच अक्षरात दिसतो. पान आधीपेक्षा भारदस्त दिसायला लागलं.

दोन बाबतींत मात्र मी तडजोड करत नाही. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं नकोत. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या नियमावलीनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो, आणि उन्हात फोन धरणाऱ्याला तोही कमीच पडतो. दुसरं, बोट टेकायची जागा. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची आहे (डीपी हे स्क्रीनवरचं माप). डिझायनरला नाजूक आयकॉन हवा असेल तर तो २४ डीपीचाच ठेवा, भोवती पॅडिंग म्हणजे मोकळी जागा द्या. दोघांचंही समाधान होतं.

अ‍ॅनिमेशन, सावल्या वगैरेंवर मी वाद घालत नाही. स्वस्त फोनवर अडखळलं की काढायचं.

पुढच्या वेळी मॉकअप (पानाचा नमुना) मंजूर करण्याआधी त्यात तुमच्या साइटवरचं सगळ्यात लांब मराठी शीर्षक टाका आणि तो दोघांनी मिळून एकाच साध्या फोनवर उघडून बघा.